सात सूत: एका बाणाच्या पात्याच्या नोंदी

8 जून 2024, रेडिंग, पेनसिल्व्हेनिया

शेजारच्या आजोबांनी आज कुंपणावरून हात पुढे केला. तळहातावर ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीच्या बाणाचे धारदार डोके, तेही केळीच्या सालीसारखे वाकलेले. गेल्या हंगामात हरणाच्या खांद्याच्या हाडावर आदळले म्हणे. हरीण निसटले. आजोबा निवृत्त वेल्डर, त्यामुळे दुःख हरणाचे जास्त की वाकलेल्या लोखंडाचे ते कळत नव्हते. "तू मशीन शॉपमध्ये आहेस. न वाकणारं एक करून दे."

हो म्हणून बसलो. सुपरवायझरने सुट्टीनंतर भंगारातल्या पट्ट्या आणि वायरकट, म्हणजे तारेने धातू कापणारे यंत्र, वापरायला दिले आहे. वही आजपासून.

11 जून

कायदा आधी वाचला, ड्रॉइंग नंतर. सवयच तशी लागली आहे, गिऱ्हाइकाचे स्पेसिफिकेशन वाचल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही.

इथल्या गेम कमिशनच्या, म्हणजे राज्याच्या शिकार खात्याच्या, नियमात मोठ्या जनावरासाठी धनुष्याची ओढ (दोरी खेचायला लागणारा जोर) किमान 35 पाउंड. बाणाला ब्रॉडहेड हवेच, त्याची रुंदी किमान 7/8 इंच, धारा किमान दोन, आणि त्या धारा पूर्ण लांबीभर एकाच प्रतलात. बस. दीड वाक्यात आख्खे ड्रॉइंग.

7/8 इंच म्हणजे 22.225 मिलिमीटर. पण माझ्या डोक्यात तो आकडा येतो तो वेगळाच: सात सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आबांच्या हाताखाली मी आधी सूत शिकलो, मिलिमीटर नंतर शाळेत.

15 जून

पहिला विचार असा होता की पाते पंख्याच्या पात्यासारखे किंचित पिळायचे, म्हणजे बाण आपोआप गरगरेल आणि सरळ जाईल. कॅडमध्ये सुंदर दिसले. बायकोने मागून डोकावून "झुंबर आहे का?" विचारले.

मग "एकाच प्रतलात" हे शब्द आठवले आणि झुंबर गेले. पिळलेल्या पात्याची धार प्रतलात राहत नाही. दोन तास वाया. नियम आधी वाचला होता, पण वाचणे आणि ड्रॉइंगवर बसवणे यात माझ्या बाबतीत नेहमी चार दिवसांचे अंतर असते.

22 जून

शिकारी प्रशिक्षणाचा वर्ग केला. पहिला परवाना काढायचा तर तो करावाच लागतो. मी धनुष्यच निवडले आहे. व्हिसावर असलेल्याने बंदूक बाळगण्याचे केंद्राचे नियम वेगळे आणि किचकट आहेत, धनुष्य त्या व्याख्येत येत नाही.

घरी येऊन जुने कायदे चाळत बसलो तर एक गोष्ट सापडली. 1909 साली याच राज्याने कायदा केला होता: देशाबाहेर जन्मलेल्या आणि नागरिक न झालेल्या रहिवाशाने रानातला पक्षी-प्राणी मारायचा नाही, आणि त्यासाठी बंदूकही घरात ठेवायची नाही. एका इटालियन माणसाला त्यात दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1914 मध्ये न्यायालयाने कायदा योग्यच ठरवला. निकाल न्यायमूर्ती होम्स यांचा. म्हणजे 110 वर्षांपूर्वी माझ्यासारख्याला वर्गाच्या दारातही उभे केले नसते. आज शेजारच्या बाकावर पंधरा वर्षांची एक मुलगी होती, तिने मला झाडावरच्या मचाणाचा पट्टा कसा बांधायचा ते शिकवले.

30 जून

आजोबांच्या जावयाचा फोन. तो वॉशिंग्टन राज्यात राहतो, सप्टेंबरात एल्क या मोठ्या हरणाच्या मागे डोंगर चढतो. त्यालाही एक हवे. म्हणजे आता दोन राज्यांचे स्पेसिफिकेशन.

तिथेही सात सूतच. ओढ मात्र किमान 40 पाउंड, बाण किमान 20 इंच लांब, वजन किमान 300 ग्रेन आणि ओढीच्या दर पाउंडाला 6 ग्रेन. (7000 ग्रेनचा एक पाउंड. एक ग्रेन म्हणजे जेमतेम पासष्ट मिलिग्रॅम. सराफालाही हे वजन बारीक वाटेल.) शिवाय एक बाब इथल्या नियमात मला दिसली नाही ती तिथे सविस्तर लिहिली आहे: पाते आकड्याचे नको. सर्वांत रुंद जागेपासून मागची कड गुळगुळीत, न तुटता दांड्याकडे आली पाहिजे, आणि ती टोकाच्या दिशेने वळता कामा नये.

कारण उघड आहे. मागे आकडा असला की बाण गळासारखा रुततो. नेम चुकून हरीण जखमी झाले तर बाण गळून पडला पाहिजे, जखम भरायला वाव राहिला पाहिजे. माझ्या ड्रॉइंगमध्ये वजन कमी करायला मागून घेतलेली खाच होती. ती नेमकी आकडाच. भरून टाकली.

6 जुलै

पहिला नग. ओ-1 टूल स्टील, अडीच मिलिमीटर जाड, रुंदी 22.3, लांबी रुंदीच्या तिप्पट, 67. तिपटीचे प्रमाण माझे नाही. डॉ. एड अ‍ॅशबी यांनी 1980च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ भागात खऱ्या जनावरांवर बाण किती घुसतो याचा अभ्यास केला, त्यांचा आग्रह लांबट, दोन धारांच्या पात्याचा. पाचर जितकी लांबट तितका जोर कमी लागतो, हे तर लाकूडफोड्यालाही माहीत असते. आणि त्यांच्या यादीत सगळ्यांत वर काय, तर बाण मोडता-वाकता कामा नये. आजोबांची तक्रार तीच.

वजन केले: नुसते पाते 226 ग्रेन. बाजारात चालतात ते 100 किंवा 125 चे, तेही फेरूलसकट, म्हणजे पाते दांड्याला जोडणाऱ्या तुकड्यासकट. माझे म्हणजे कुऱ्हाड.

7 जुलै

कुऱ्हाड तर कुऱ्हाड, म्हणून कडक केली. 800 अंशांना लाल, तेलात, मग ठिसूळपणा उतरवायला पुन्हा 200 ला तापवले, म्हणजे टेम्परिंग. कडकपणा रॉकवेल मापाने 61. पट्ट्यावर धार काढली, दंडावरचे केस उडाले, मी खूश. सिमेंटच्या विटेवर एक बाण मारला. टोक दोन मिलिमीटर उडाले. 61 ला काच होते, हे मला विसाव्या वर्षीही माहीत होते.

उरलेल्या पात्याला व्हर्निअर लावला. 21.9.

पुन्हा लावला. 21.9.

कापताना 22.3 होते. धारेसाठी दोन्ही बाजूंनी प्रत्येकी 0.2 गेले. म्हणजे हे पाते हातात धरून रानात उभा राहिलो असतो तर ते बेकायदा होते, आणि मला पत्ताही नव्हता.

आबांना फोन केला. कोल्हापुरात सकाळ होती, चहा चालला होता. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "धार लावताना लोखंड जातंय कुठं? मापातनंच की. गिऱ्हाईक सात सूत म्हणतंय म्हणून सातावर कापलास व्हय रं? साडेसात ठिव. खायला नको का धारंला?" मग हळूच विचारले, "आणि काय रं, तिथं शिकार चालतीया? हितं 72 च्या वन्यजीव कायद्यापास्नं समदं बंद होत गेलं."

चालते, म्हटले. मोजून-मापून चालते.

(फोन ठेवल्यावर आठवले. आमच्या गावात संस्थानकाळी चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवत. चित्ते सांभाळणारे ते चित्तेवान. लहानपणी आबा ती वर्णने अशी सांगत की जणू हे स्वतः गाडीवर बसले होते.)

13 जुलै

रात्रभर डोक्यात एकच. कायद्याने रुंदीच का धरली?

बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही. धारेने रक्तवाहिन्या कापल्या जातात आणि रक्त जाऊन जनावर पडते, फुप्फुसातून आरपार गेला तर काही सेकंदांत. म्हणजे खरा गुण धारेचा. बोथट पाते दहा सुतांचे असले तरी वाहिनी बाजूला ढकलून जाते. पण धार मोजायची कशी? वॉर्डन, म्हणजे शिकार खात्याचा अधिकारी, रानात कुणाच्या दंडावरचे केस काढून बघणार? रुंदी मात्र पट्टीने मोजता येते. म्हणून कायदा मोजता येईल ते लिहितो, आणि जे मोजता येत नाही ते शिकाऱ्यावर सोडतो. वॉशिंग्टनने निदान "धारदार" असा शब्द तरी घातला आहे.

गंमत अशी की माणूस त्या शब्दाला जितका जागतो, जितक्या वेळा दगडावर घासतो, तितका तो रुंदीच्या कलमाच्या जवळ सरकतो.

20 जुलै

दुसरे ड्रॉइंग.

रुंदी साडेसात सूत, 23.8. लांबी 54, म्हणजे तिपटीचा हट्ट सोडून सव्वादोनपटीवर आलो. जाडी 1.6. आत दोन छोट्या बंद खिडक्या, मागची कड सरळ दांड्याकडे उतरती. फेरूल वेगळा, स्टीलचा, खाच पाडून त्यात पाते बसवायचे आणि दोन कडक पिना आडव्या ठोकायच्या. ब्रेझिंग, म्हणजे पितळ वितळवून जोड, केले असते तर सोपे, पण त्या उष्णतेने कडकपणा जातो. मागे आठ-बत्तीसचा आटा, बाजारातल्या कुठल्याही बाणाच्या इन्सर्टमध्ये बसेल असा.

धार एकाच अंगाने, पटाशीसारखी. दोन धारा उलट-सुलट अंगांनी तासल्या की शिरताना पाते स्वतःभोवती वळते, आणि तेही पिळाशिवाय.

इथे एक शंका आली आणि दुपार खाऊन गेली. एकाच अंगाने तासले की एक धार पात्याच्या वरच्या पृष्ठावर येते, दुसरी खालच्या. म्हणजे दोन्ही धारा मिळून काटेकोर अर्थाने एका प्रतलात नाहीत, 1.6 मिलिमीटरचा फरक आहे! भूमितीच्या मास्तरांनी शून्य दिला असता. पण वाक्य पुन्हा वाचले: धार तिच्या लांबीभर एका प्रतलात हवी. प्रत्येक धार आपापल्या जागी सरळच आहे. अशी पाती इथल्या दुकानांत उघड विकतात, लोक वर्षानुवर्षे वापरतात. पुढे गेलो.

3 ऑगस्ट

टेम्परिंग 315 ला. रॉकवेल 57. वीट पुन्हा आणली. टोक किंचित दबले, उडाले नाही. धार थोडी वळली ती दगडावर दहा मिनिटांत सरळ. वळलेली धार दुरुस्त होते, उडालेली नाही.

पूर्ण वजन 149 ग्रेन. धार लावल्यावर रुंदी 23.5.

11 ऑगस्ट

व्ही-ब्लॉकवर दांडा ठेवून टोकाला डायल लावला. फिरवताना टोक 0.25 मिलिमीटर डुलते, म्हणजे लंगड. एका पिनेचे भोक तिरके पडले होते. नग पकडून धरणारे फिक्श्चर नवे केले, सहा नग पुन्हा. आता 0.05 च्या आत.

आजोबा गॅरेजात खुर्ची टाकून बसले होते. सोबत एक जुना डबा, त्यात रेझरहेड. फ्रेड बेअर यांनी 1956 मध्ये काढलेले पाते, मधल्या फटीत ब्लेडची पातळ आडवी जोडी सरकवता येणारे. "तो आमच्याच राज्यातला, वेन्सबरोचा," आजोबा म्हणाले, जसे काही त्यांच्याच आळीतला. फाईलने धार लावायची असे ते डोके होते. डब्यातल्या एकाला व्हर्निअर लावायची मला फार खाज सुटली होती. आजोबांनी हात मागे घेतला. काही गोष्टी मोजू नयेत.

25 ऑगस्ट

20 यार्डांवर आधी सरावाची गोल टोके मारली: तीन बाण, बशीत मावतील असे. मग माझी पाती. तिन्ही डावीकडे पाच इंच. आपसात मात्र एकमेकांना चिकटलेले.

पाते म्हणजे पुढे लावलेला पंख. बाण सुटताना जरा तिरका निघाला तर गोल टोक ते झाकते, पाते वारा धरून चव्हाट्यावर आणते. बाणाची बैठक उजवीकडे केसभर सरकवली, दोन इंच सुधारले, मग थांबले. दोष दांड्याचा. पुढे 100 ऐवजी 150 ग्रेन लटकवले की सुटताना दांडा जास्त लवतो. माझा दांडा 400 चा होता, म्हणजे 28 इंचांच्या अंतरावर टेकवून मधोमध 1.94 पाउंड टांगले तर 0.4 इंच वाकणारा. 340 चा आणला. पाते आणि गोल टोक एकाच मुठीत.

तोलबिंदूही पुढे सरकला. आधी मध्यापासून लांबीच्या 11 टक्के पुढे होता, आता 15. पूर्ण बाण 480 ग्रेन, वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवर 214 फूट प्रतिसेकंद. माझे धनुष्य 52 पाउंडांचे. वॉशिंग्टनच्या हिशेबाने 312 ग्रेन पुरले असते.

आजोबांचा पुतण्या आला होता, त्याच्याकडे उघडमिटीची पाती. हवेत मिटलेली, आदळली की उघडणारी, दोन इंच रुंद. इथे ती चालतात. उडतात गोल टोकासारखी, हे मान्यच. पण उघडायला लागणारा जोर बाणाच्याच खिशातून जातो, आणि 52 पाउंडांच्या धनुष्याचा खिसा लहान. शिवाय मला हलणाऱ्या भागांचा राग आहे. तो तर्क नाही, स्वभाव आहे.

7 सप्टेंबर

गणपती. काम नाही.

14 सप्टेंबर

एक भलतीच गोष्ट तयार केली, आणि खरे सांगायचे तर पात्यांपेक्षा तीच आवडली आहे. पत्त्याएवढी तीन मिलिमीटरची पट्टी, तिला वायरकटने 22.225 ची फट. नो-गो गेज. पाते आडवे धरून फटीत घाला. अडकले तर कायद्यात आहे. निसटून आरपार गेले तर टाकून द्या. रानात, अंधारात, हातमोजे घालूनही कळते. व्हर्निअर नको, चष्मा नको. पट्टीवर कोरले: 7 सूत. देवनागरीत. आजोबा म्हणाले, हे काय लिहिले आहेस? म्हटले, कायदा.

पुतण्याने दहा पाती विकत मागितली. नाही म्हटले. एक तर व्हिसा नोकरीचा, धंद्याचा नाही. दुसरे, विकली तर उत्पादक म्हणून केंद्राचा 11 टक्के अबकारी कर भरावा लागतो. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यात आधी बंदुका-काडतुसे होती, धनुष्यबाणाचे सामान 1972 मध्ये आत घेतले. तो पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे जातो. इथला शिकारी पाते विकत घेताना हरणाच्या रानाचा हप्ताही भरतो, हे मला पटले. भारतात आपण 1972 साली दार बंद करायला घेतले, यांनी त्याच साली दारावर आणखी एक दानपेटी ठेवली. दोन्हींची कारणे आपापल्या जागी.

5 ऑक्टोबर

पहिला शनिवार, राज्यभर धनुष्याचा हंगाम सुरू. नवरात्र आहे, घट बसले आहेत. आजोबांना आधीच सांगून ठेवले आहे की दसऱ्यापर्यंत मांस घरात आणू नका. ते म्हणाले, त्यांच्याकडेही ईस्टरपूर्वी असलेच काहीतरी असते.

12 ऑक्टोबर

दसरा. बायकोने व्हर्निअर, डायल, धनुष्य मांडून हळदकुंकू वाहिले. उद्यमनगरात लेथला झेंडूची माळ घालतात तशी माळ इथे कुठली, मॉलमधली शेवंती. पात्यांना हात लावू दिला नाही मी, बोट कापेल म्हणून. तिने तांब्यातले पाणी दुरूनच शिंपडले. ओ-1 ला तासाभरात गंज येतो. पूजा संपताच मी तेलाचे फडके घेऊन धावलो, ते तिला आवडले नाही.

26 ऑक्टोबर

पहाटे पाचपासून मचाणावर. सव्वासातला एक हरिणी आली, 18 यार्ड, तोंड माझ्याकडे. समोरून छातीचे हाड, वर खांदे, पात्याला जायला जागा बोटभर. ती आडवी होईल म्हणून थांबलो. ती माझ्यापेक्षा चांगली थांबते. वीस मिनिटांनी झुडपात गेली.

दुपारी गेज काढून उगाच पाते घातले. अडकले.

2 नोव्हेंबर

पाडवा. ओवाळून झाले, ताटात अजून चकली, आणि आजोबांचा फोन. माझ्या पात्याने हरीण पडले. नर, शिंगांची टोके नियमात बसणारी. 22 यार्ड, आडवा उभा. बाण आरपार जाऊन पलीकडे मातीत. अर्धा तास थांबून मग माग काढायला उतरले. रक्ताचा माग साठ पावलांचा, तिथेच पडलेले. टॅग लावले, दहा दिवसांत कमिशनला कळवायचे आहे ते आजच कळवून टाकले.

मी विचारले, पाते?

"हरणाबद्दल विचार की आधी," म्हणाले.

9 नोव्हेंबर

आजोबा पाते आणि मांसाची पिशवी दोन्ही घेऊन आले. पिशवी बायकोने घेतली, कांदा-खोबरे भाजायला घातले. तांबड्या रश्शाला बोकड नसेल तर हरीण चालेल का, यावर आबांशी व्हिडिओ कॉल चालू आहे. आबांचे मत, हरणाला चरबी नसते, कट येणार नाही.

पाते गॅरेजात नेले. सरळ. वाकलेले कुठेच नाही. बरगडीने एका धारेला दाण्याएवढी खाच पाडली आहे. ती निघेपर्यंत दोन्ही बाजू सारख्या घासल्या, चाळीस मिनिटे. दंडावरचे केस गेले.

23.1.

गेजमध्ये घातले. अडकले.